गल्लीतली जिम टिकवायची असेल तर



जिमचालकांच्या या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आभारात फार वेळ घालवत नाही, कारण संध्याकाळी आपल्या प्रत्येकाला शटर उघडायचं आहे.

सकाळपासून एकच प्रश्न अनेकांच्या तोंडून आला. मी परळला जिम चालवते, त्यामुळे तो माझाही आहे. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर आमच्या भागातल्या गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि त्यांच्या जागेवर टॉवर उभे राहिले. टॉवरच्या पोडियमवर रहिवाशांची स्वतःची जिम असते. नाक्यावर साखळी जिमची वातानुकूलित शाखा असते. जवळच उत्सव मंडळाची जुनी व्यायामशाळा असते, ती नाममात्र वर्गणीत चालते. या सगळ्यांच्या मधे, भाड्याच्या गाळ्यात, कर्जावर घेतलेल्या मशिन घेऊन आपण बसलेलो आहोत. टिकायचं कसं?

पहिला मोह होतो तो दर पाडण्याचा. त्याचा हिशेब करून बघा. महिना 1,200 रुपये देणारे 200 सभासद असतील, तर जमा होतात 2 लाख 40 हजार. समोरच्याला शह द्यायला दर 800 केला, तर तेवढ्याच पैशांसाठी 300 सभासद लागतात. हे वाढलेले 100 जण संध्याकाळी सात ते दहा याच वेळात येणार. बेंच प्रेसपाशी रांग लागणार, ट्रेनरचं कुणाकडेच धड लक्ष राहणार नाही, आणि जे पूर्ण पैसे देऊन नियमित येत होते तेच आधी सोडून जाणार. कराची बाजूही लक्षात घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. ज्यांची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे आणि नोंदणी नाही, ते पूर्वी साखळी जिमपेक्षा कराइतके स्वस्त पडत. ती फट आता बरीच बुजली. स्वस्ताईच्या जोरावर लढण्याचे दिवस गेले, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठं होत जाणं हाही हमखास उपाय नाही. तळवलकरांचं नाव आपण सगळे आदराने घेतो. 1932 साली विष्णू तळवलकरांनी मुंबईत पहिली जिम सुरू केली, आणि मध्यमवर्गीय मराठी माणसाला व्यायामासाठी पैसे मोजायला या घराण्याने शिकवलं. 2010 साली कंपनी शेअर बाजारात गेली, गावोगावी शाखा झाल्या. 2019 मध्ये कर्जाची परतफेड थकली आणि शाखांना कुलपं लागली. वर्षाचे पैसे आधीच भरलेले सभासद दारात उभे राहिले. लोकांच्या मनात बसलेल्या त्या धास्तीचा फटका आजही छोट्या जिमला बसतो. वार्षिक पॅकेज म्हटलं की माणूस विचारतो, ‘तुम्ही वर्षभर असाल ना?’ हा प्रश्न त्याने विचारूच नये, असं वाटत असेल तर तीन-तीन महिन्यांची वर्गणी घ्या. जो येत नाही त्याच्या पैशांवर चालणारा धंदा मला मुळातच मान्य नाही. सभासद आठ दिवस दिसला नाही, तर त्याला फोन गेला पाहिजे. टॉवरच्या जिममध्ये ट्रेडमिल आपल्यापेक्षा चांगली असेल, पण तिथे कुणाची वाट बघणारं कुणी नसतं. आपलं खरं भांडवल हेच आहे.

याचा दाखला दूर शोधायला नको. शिवाजी पार्कचं श्री समर्थ व्यायाम मंदिर 1925 साली सुरू झालं. शंभर वर्षांत दादर ओळखू येणार नाही इतकं बदललं, तरी तिथला मल्लखांब रिकामा पडलेला नाही. तिथे शिकवणाऱ्या उदय देशपांडे सरांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी मुलींना दोरीच्या मल्लखांबावर चढवलं, दृष्टिहीन मुलांना शिकवलं, परदेशातून आलेल्यांनाही शिकवलं. बाकीच्यांनी ज्यांचा विचारच केला नव्हता, त्यांना त्यांनी आत घेतलं. ती संस्था सेवाभावी आहे आणि आपल्याला भाडं भरायचं आहे, हे मला ठाऊक आहे. पण दार कुणासाठी उघडायचं, हे आपणही ठरवू शकतो.

आपण भाडं चोवीस तासांचं भरतो आणि जागा वापरतो सकाळ-संध्याकाळ मिळून सहा-सात तास. अकरा ते चार पंखे बंद असतात. त्याच वेळी वरच्या मजल्यावर गुडघे धरून बसलेल्या काकू असतात, मधुमेहासाठी डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेले आजोबा असतात. भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, असा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीतून 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम हवा, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचाही हवा. हे शिकवणारा माणूस त्यांच्या घराजवळ आपल्याशिवाय कोण आहे? मोठ्या आवाजातली गाणी, भिंतभर आरसे आणि वीस किलोचे डंबेल्स बघून ही माणसं दारातूनच परततात. दुपारी एक तास गाणी बंद ठेवा, हलकी वजनं आणि रबरी बँड काढा, खुर्चीवरून उठबस करण्यापासून सुरुवात करा. आधी डॉक्टरांचा कागद बघा, रक्तदाब मोजा.

बायकांबद्दल थोडं कडक बोलते. ‘आमच्याकडे लेडीज येत नाहीत’ असं अनेकजण सांगतात. त्यांच्याकडे बायकांसाठी कडी लागणारं, स्वच्छ स्वच्छतागृह नसतं, कपडे बदलायला आडोसा नसतो, शिकवायला बाई नसते. या तीन गोष्टींवर होणारा खर्च एका नव्या मशिनच्या पलीकडे जात नाही. बाई एकदा रुळली की बहीण, जाऊ, शेजारीण अशा चौघींना घेऊन येते.

ट्रेनर सोडून जातो आणि सभासदही सोबत नेतो, ही सर्वांची तक्रार आहे. आठ-दहा हजारांत राबवून घेतलेला मुलगा थांबेल कशाला? पर्सनल ट्रेनिंगच्या फीमधला मोठा वाटा त्याला द्या, आणि महिन्याच्या महिन्याला द्या.

शेवटचा विषय सर्वांत गंभीर आहे. चार महिन्यांत अंग दाखवण्याच्या घाईपायी पोरं स्टेरॉइडकडे वळताहेत. भूल दिल्यावर उतरणारा रक्तदाब सावरण्यासाठी असलेलं मेफेंटरमाइन काही जण व्यायामाआधी टोचून घेतात. ही हृदयावर घाला घालणारी औषधं आहेत, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकणं गुन्हा आहे. आपल्या चेंजिंग रूममध्ये सुई सापडली आणि आपण गप्प बसलो, तर त्या पोराच्या आईला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

म्हणून अध्यक्ष या नात्याने दोन ठराव मांडते. या परिषदेत सहभागी प्रत्येक जिम येत्या महिन्यापासून दुपारचा एक तास साठीपुढच्यांसाठी राखून ठेवील. आणि कोणत्याही जिमच्या आवारात इंजेक्शन विकणाऱ्याला, मग तो आपला सर्वांत चांगला ट्रेनर का असेना, त्याच दिवशी काढून पोलिसांना कळवलं जाईल. दोन्ही ठरावांना आपण हात वर करून अनुमोदन द्यावं, अशी विनंती करते.