एनेदीला जायचं तर
(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान, थोडं संक्षेपानं)



कार्यक्रमपत्रिकेवर ‘साहस’ हा शब्द ठळक छापला आहे, शेजारी उंटांचा फोटोही आहे. मी मात्र बोलणार आहे ते मुख्यतः लिटर, किलो आणि किलोमीटर यांच्याविषयी. वाळूच्या वादळांचे किस्से ऐकायला आलेल्यांनी राग मानू नये. माझं मत विचाराल तर वाळवंटातली उत्तम मोहीम सांगायला बसलं की रटाळ वाटते. जिचे किस्से रंगतात तिच्या आखणीत बहुधा काहीतरी कच्चं राहिलेलं असतं.

उदाहरणादाखल एकच जागा घेऊ. आफ्रिकेच्या पोटात चाड नावाचा देश आहे. त्याच्या ईशान्य कोपऱ्यात, सहारात, एनेदीचं वालुकाश्माचं पठार. वाऱ्यानं आणि फार जुन्या काळच्या पाण्यानं कोरलेले सुळके, घळी, कमानी. त्यातली अलोबाची कमान सुमारे 120 मीटर उंच आहे. कपारींमध्ये माणसांनी रंगवलेल्या गाई दिसतात. आज जिथं उंटालाही चारा शोधावा लागतो, तिथं एके काळी गुरं चरत होती. 2016 साली युनेस्कोनं हा प्रदेश जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. राजधानी एन्जामेनापासून तिथलं मुख्य गाव फादा हजारेक किलोमीटरवर आहे, आणि डांबरी रस्ता त्याच्या बराच अलीकडे साथ सोडतो.

मोसम आणि कागदपत्रांचं थोडक्यात उरकतो. जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. त्याआधीच्या पावसाळ्यात दक्षिणेकडचे कोरडे नाले अचानक वाहू लागतात आणि वाट बंद होते. पीतज्वराची लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि ती टोचल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य धरली जाते. तिचं पिवळं कार्ड जाताना लागतं तसंच येतानाही लागतं. ते नसेल तर मुंबईला उतरल्यावर घरी जाण्याऐवजी विलगीकरणात बसावं लागेल. सॅटेलाइट फोन इथून नेऊ नका. आपल्याकडे परवान्याशिवाय तो जवळ बाळगता येत नाही, विमानतळावरच अडकाल. तिथल्या संयोजकाकडून, तिथल्या परवानगीचा घ्या. आणि एनेदीच्या पूर्वेला सुदान आहे, जिथं एप्रिल 2023 पासून युद्ध पेटलंय. तिकिटं काढली म्हणून जायलाच हवं, असं मनाशी धरून आखणी करू नये.

आता पाणी. माणशी रोज सहा लिटर धरा, पिण्याचं आणि स्वयंपाकाचं मिळून. आंघोळ विसरा. दोन गाड्या, चालक आणि वाटाड्या धरून आठ माणसं, फादा सोडून फादाला परत येईपर्यंत बारा दिवस. आठ सक अठ्ठेचाळीस, गुणिले बारा, 576 लिटर. कॅन फुटतात, गाडी बंद पडते, म्हणून निम्मं आणखी: 864. वाटेत विहिरी लागतात, पण हिशेबात त्या कोरड्याच धरायच्या. पाण्याचा लिटर म्हणजे किलो, तेव्हा प्रत्येक गाडीवर 432 किलो नुसतं पाणी. मऊ वाळूत शंभर किलोमीटरला वीस लिटर डिझेल सहज जातं. हजार किलोमीटरला दोनशे, वर शंभर राखीव. ते अडीचशे किलो. चार माणसं, 280 किलो. झाले साडेनऊशेच्या वर, आणि अजून तंबू, शिधा, स्टेपनी, जॅक काहीच चढवलेलं नाही! लँड क्रूझर कितीही दणकट असली तरी एवढा बोजा घेऊन वाळूत शिरली की रुतणार आणि पाटे बोलू लागणार. म्हणजे तिसरी गाडी हवी. ती आली की तिचं डिझेल आलं, चालक आला, त्याचं पाणी आलं. पुन्हा बेरीज. हा खेळ चार-पाच वेळा केल्याशिवाय आकडे स्थिर होत नाहीत. मोहीम पार पडणार की नाही, हे खरं तर इथंच ठरतं.

आणखी एक. ‘पुरवून पुरवून पिऊ’ हे शहाणपण तिथं चालत नाही. पाणी कमी प्यायलं म्हणून घाम कमी येत नाही, माणूस फक्त लवकर कोसळतो. वाचवायचा तो घाम. दुपारी सावलीत पडून राहायचं, अंगभर सैल कपडे घालायचे, कामं पहाटे उरकायची.

या हिशेबी वृत्तीचा आद्यपुरुष म्हणजे रॅल्फ बॅग्नोल्ड, ब्रिटिश सैन्यातला सिग्नल अधिकारी. 1920 च्या दशकाअखेरीस इजिप्तमध्ये असताना रजा काढून हा माणूस मित्रांसह फोर्ड गाड्या घेऊन लिबियन वाळवंटात शिरला. वाळूत इंजिन तापतं, रेडिएटरमधलं पाणी उकळून वाफ होऊन जातं, आणि तेच तर प्यायचं पाणी. त्यानं रेडिएटरच्या तोंडाशी नळी जोडून ती बाहेर टांगलेल्या डब्यातल्या पाण्यात सोडली. वाफ त्यात शिरून निवायची, आणि इंजिन थंड झालं की रेडिएटर ते पाणी आपणहून परत ओढून घ्यायचा. लोखंडी गाडीत होकायंत्र चळतं, म्हणून अंशांच्या खुणा असलेल्या तबकडीवर उभी सुई बसवली आणि तिच्या सावलीवरून दिशा धरली. टायरमधली हवा कमी केली. रुतलेल्या चाकाखाली घालायला पोलादी पट्ट्या घेतल्या. शेवटच्या दोन गोष्टी आजही जशाच्या तशा चालतात. पुढं दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, याच अनुभवावर त्यानं लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही लष्करी तुकडी उभी केली. वाळू कशी उडते यावर 1941 मध्ये त्यानं लिहिलेलं पुस्तक शास्त्रज्ञ अजून उघडतात, आणि मंगळावर क्युरिऑसिटी या फिरत्या यानानं पाहिलेल्या वाळूच्या टेकड्यांना त्याचंच नाव आहे. रजेचा याहून चांगला उपयोग केलेला माणूस मला तरी माहीत नाही.

बॅग्नोल्डला एका गोष्टीची चिंता नव्हती, ती आपल्याला आहे. फादाच्या आसपास लिबियाचे रणगाडे गंजत पडलेले दिसतात. 1987 साली चाडच्या सैनिकांनी टोयोटा पिकअपवरून क्षेपणास्त्रं डागत ते मोडून काढले, म्हणून त्या युद्धाला टोयोटा युद्धच म्हणतात. फोटोला ते झकास आहेत, पण उत्तर चाडमध्ये त्या काळातले भूसुरुंग अजून जमिनीत आहेत. तेव्हा चाकोरी सोडायची नाही, अगदी लघवीला जायचं झालं तरी वाटाड्याला विचारून. जीपीएसला रस्ता कळतो, सुरुंग कळत नाहीत. वाटाड्या तिथलाच घ्या आणि मजुरीत घासाघीस करू नका.

एनेदीतल्याच अर्शेईच्या घळीत बारमाही पाण्याचा डोह आहे. शेकडो उंट तिथं पाण्यावर येतात आणि त्यांच्या लेंड्यांनी पाणी काळं झालेलं असतं. त्याच पाण्यात मासे आहेत, आणि त्या माशांवर जगणाऱ्या मोजक्या मगरी. सहारा हिरवा होता तेव्हाचा त्यांचा वंश. पाहायचं ते वरून, कड्यावरून. खाली उतरून हातपाय धुणारे पर्यटक असतात, पण तो डोह गुराख्यांचा आहे, आपलं तिथं काम नाही.

शेवटी परतीचा आकडा. घरून निघण्यापूर्वी कागदावर लिहा: पाणी अमुक लिटरवर आलं, किंवा तीनपैकी एक गाडी कायमची बंद पडली, की त्या क्षणी फादाची वाट धरायची. खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. उत्साहात माणसं तोंडी काहीही कबूल करतात आणि चौथ्या दिवशी ‘त्या टेकडीपलीकडं एवढंच’ म्हणू लागतात. त्या वेळी कागद काढणारा माणूस कोण, हेही आधी ठरवा. शक्यतो गटातला सर्वांत कमी लोकप्रिय.

नकाशा आणि हिशेबाचा तक्ता इथं टेबलावर ठेवला आहे. प्रश्न असतील तर घेऊ.