इंग्रजीचा वर्ग आणि भोवतालच्या भाषा



वडोदऱ्यातील मराठी घरातले मूल आईशी मराठीत बोलते, बाजारात गुजरातीत भाव विचारते आणि विद्यापीठात इंग्रजीत टिपणे घेते. ह्या तिन्ही भाषांपैकी ज्ञानाची भाषा तेवढी इंग्रजी, असा समज सुशिक्षित घरांतून रुजत चालला आहे. ह्या नगरीचा शैक्षणिक इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

१८९३ साली अरविंद घोष बडोदे संस्थानच्या सेवेत दाखल झाले. पुढे बडोदा महाविद्यालयात त्यांनी प्रथम फ्रेंच व नंतर इंग्रजी शिकवले. त्यांचे बालपण इंग्लंडात गेल्यामुळे देशी भाषांशी त्यांचा संबंध तुटला होता. १९०६ पर्यंतच्या येथील वास्तव्यात त्यांनी संस्कृत व बंगालीचा कसून अभ्यास केला. मराठी आणि गुजरातीही शिकून घेतल्या. इंग्रजीच्या ह्या प्राध्यापकाला आपला देश वाचता आला तो ह्या भाषांमुळे.

१९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. तेथील समाजशास्त्र विभागाची उभारणी प्रा. एम. एन. श्रीनिवास ह्यांनी केली. त्यांचे ग्रंथ इंग्रजीत आहेत. परंतु म्हैसूर भागातील रामपुरा गावाचा त्यांचा अभ्यास गावकऱ्यांशी कन्नडमध्ये झालेल्या संवादावर उभा आहे. समाजशास्त्राची परिभाषा इंग्रजी असू शकते. माणसे मात्र आपली सुखदुःखे स्वतःच्या बोलीतच सांगतात.

म्हणून इंग्रजी नकोच, असे कोणी म्हणू नये. १९६१ साली अहमदाबादेत मराठी माध्यमातून शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एका विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षी इंग्रजी माध्यम नाकारण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. गुजराती वा हिंदी हेच एकमेव माध्यम म्हणून लादण्याचा अधिकार गुजरात विद्यापीठाला नाही, असा निर्णय १९६२ साली झाला. परप्रांतीय अल्पसंख्याकाला इंग्रजीचा आधार वाटतो, तो अकारण नव्हे. मात्र त्या दारातून आत जाताना मातृभाषा उंबऱ्याबाहेर ठेवावी, असे त्या निर्णयाने सांगितलेले नाही.

भोरचे सुपुत्र डॉ. गणेश देवी ह्यांनी ह्याच विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन केले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या 'आफ्टर अ‍ॅम्नेशिया' ह्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा विषयच भारतीय भाषांतील साहित्यपरंपरांचे विस्मरण हा आहे. १९९६ साली अध्यापन सोडून त्यांनी वडोदऱ्यात 'भाषा' ही संस्था काढली आणि तेजगढला आदिवासी अकादमी उभी केली. २०१० साली सुरू झालेल्या लोकभाषा सर्वेक्षणाने देशातील ७८० भाषांची नोंद केली. इंग्रजीच्या वर्गातून निघालेली वाट राठव्यांच्या वस्तीपर्यंत पोचली.

ग्रंथालयाचे कार्य येथेच सुरू होते. बडोद्याच्या सेवेत असतानाच गो. स. सरदेसाई ह्यांनी 'मराठी रियासत' लिहावयास घेतली. आज ह्या शहरातील मराठी समाजावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ती मुळातून वाचता आली नाही, तर इंग्रजीवरील त्याचे प्रभुत्व अपुरेच पडेल. तो विद्यार्थी मराठी घरातला असूनही तसे घडले, तर दोष विद्यापीठाकडे ढकलता येणार नाही. सभासदांनी पुस्तक बदलावयास येताना महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांना सोबत आणावे. येत्या शतकातील वाचक त्यांच्यातूनच घडावयाचे आहेत.