बीडचा इतिहास आणि बोलण्याची परवानगी



बीड जिल्ह्याचा अर्वाचीन इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती साधनांची. ज्या मुलखात सभा भरवण्यासाठीच सरकारची परवानगी लागे, तेथील वादविवादांची नोंद शोधायची कोठे? निजाम सरकारने १९२९ मध्ये काढलेली गश्ती निशाण ५३ जाहीर सभेच्या मुळावर आली. राजकीय वास येणारी सभा पूर्वपरवानगीवाचून घेता येईना. आणि वास येतो की नाही, हे ठरवणार अधिकारी!

साहजिकच विचार आडवाटेने चालू लागला. अंबाजोगाईत, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेत, स्वामी रामानंद तीर्थ योगेश्वरी विद्यालयात शिकवीत होते. शाळेच्या भिंतीआड जे बोलता येई ते चावडीवर बोलता येत नसे. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर, तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच, बंदी आली. आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ पत्र संस्थानाबाहेर छापले जाई आणि बंदी आली की नाव बदलून पुन्हा निघे. आपल्याच तालुक्याची बातमी परमुलखातून यावी, असा तो काळ होता.

हा वारसा गौरवाचा खराच. परंतु इतिहासकाराने तेथेच थांबणे सोयीचे आहे आणि म्हणूनच गैर आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि विभागात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखालील ‘मराठवाडा’ची भूमिका नामांतराच्या विरोधाची होती. ती मांडण्याचा त्या पत्राचा अधिकार निर्विवाद आहे. त्यासाठीच तर पूर्वी झगडा झाला. तथापि त्या महिन्यांचे सर्वच वृत्तपत्रांचे अंक चाळणाऱ्याने एक हिशेब मांडावा: वस्तीतला माणूस या वादात किती वेळा स्वतः बोलतो आणि किती वेळा केवळ त्याच्याविषयी बोलले जाते? नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

आज सभेला बंदी नाही. पण २६ जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा गावातला ऊसतोड मजूर परमुलखाच्या फडात असतो. त्याच्या गैरहजेरीसाठी कोणत्याही गश्तीची गरज पडत नाही. २०१९ मध्ये ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी झाली, तेव्हा शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शस्त्रक्रिया त्याआधीपासूनच होत होत्या. त्या वर्षांचा इतिहास जुन्या अंकांत फारसा सापडणार नाही. टोळ्या कारखान्यांकडे निघण्यापूर्वी तो त्या स्त्रियांच्या दारी जाऊनच विचारावा लागेल.