तारीख ठरली, तयारी राहिली

आज जाऊया १७९१ च्या अमेरिकेत, ओहायो नदीच्या उत्तरेला. जमीन मायामी, शॉनी, डेलावेअर लोकांची. नव्या सरकारला ती हवी होती.

सेनापती होते आर्थर सेंट क्लेअर. मोहीम उन्हाळ्यात निघायची, पण सामानच वेळेत येईना. आलं तेही निकृष्ट. निघेपर्यंत थंडी तोंडावर. बरेच शिपाई सहा महिन्यांच्या बोलीवर भरती केलेले, त्यांची मुदत वाटेतच संपायला लागली. सोबत केंटकीची मिलिशिया, म्हणजे गरजेपुरते बोलावलेले गावकरी. त्यातले काही पळून गेले. मागून येणारी रसद ते लुटतील या भीतीने सेंट क्लेअरनी आपली सगळ्यात पक्की रेजिमेंट मागे पाठवली!

४ नोव्हेंबरच्या पहाटे, तटबंदी नसलेल्या छावणीवर लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट यांच्या लोकांनी हल्ला केला. काही तासांत सहाशेहून जास्त सैनिक ठार.

रसदेचं दुखणं तेव्हा आपल्याकडेही होतं बरं का. त्याच वर्षी मे महिन्यात कॉर्नवॉलिसला श्रीरंगपट्टणहून उपाशी फौज घेऊन मागे फिरावं लागलं. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊंची फौज भेटली, तिच्या बाजारातलं धान्य कामी आलं.

पुढे अँथनी वेन आले. त्यांनी घेतली जवळजवळ दोन वर्षं. पिट्सबर्गजवळ लीजनव्हिलला छावणी, नेमबाजीचा कसून सराव, कूच करताना रोज संध्याकाळी लाकडी आडोसा. १७९३ मध्ये उशीर झाला, तर केंटकीचे घोडेस्वार सरळ घरी पाठवले, पुढच्या वर्षी परत बोलावले. पराभवाच्याच जागी किल्ला बांधला, फोर्ट रिकव्हरी. २० ऑगस्ट १७९४ ची फॉलन टिंबर्सची लढाई साधारण तासाभरात आटोपली.

मी स्वतः 'तारीख दिलीय ना' म्हणून अर्धवट टेस्ट केलेलं रिलीज सोडलंय. रात्रभर जागलो, बस. तिथे माणसं मेली. म्हणून वेननी 'यंदा नाही' म्हटलं, ते मला लढाईपेक्षा मोठं वाटतं.

पण एक विसरायचं नाही. १७९५ च्या ग्रीनव्हिल तहात तिथल्या लोकांच्या हातून आजच्या ओहायोचा बराचसा भाग गेला. तयारी चोख होती, पण ती कशासाठी होती हेही विचारायला हवं. तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!