जारचे पाणी आणि ग्रामसभा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव ऑगस्ट 2023 मधील उपोषणामुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. आरक्षणाच्या मागणीमागे कोरडवाहू शेतीची दुरवस्था होती आणि तिच्यामागे पाणी, हे त्या गर्दीत फार कोणी बोलले नाही. तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते. पैठणच्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन 1976 सालीच झाले. तरीही 2013 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या व माणसे टँकरच्या रांगेत उभी राहिली. अशा मुलखात पाण्याचा धंदा उभा राहिला, यात नवल ते काय?

पत्र्याची शेड, शेजारी बोअर, आत आरओचे यंत्र आणि दारात वीस लिटरच्या जारने भरलेली छोटी गाडी, हे दृश्य आता मराठवाड्यात गावोगावी दिसते. या धंद्यावर देखरेख कोणाची, हा प्रश्न विचारला की प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखविते. सीलबंद बाटलीतील पाण्याला 2006 च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली परवाना लागतो. झाकण फिरवून दिलेला सुटा जार मात्र सीलबंद नाही, या सबबीवर त्यातून निसटतो. उरते ग्रामपंचायत, आणि ती ना हरकत दाखला देऊन मोकळी होते.

येथे एक विलक्षण विसंगती आहे. ग्रामपंचायतीच्या विहिरीचे वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी व नंतर, सर्वेक्षण होते. जलसुरक्षक नमुने घेतो, टीसीएल पावडरीचा साठा पाहिला जातो आणि दोष आढळल्यास गावाला लाल कार्ड मिळते. गरिबाच्या नळाची अशी जाहीर झडती होत असता, पैसे मोजून घेतलेला जार मात्र कोणत्याही कार्डावाचून घराघरांत पोहोचतो. शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर तपासणीची गरज त्यालाच अधिक. आरओमधून निघालेल्या पाण्यात क्लोरीन शिल्लक राहत नाही. त्यामुळे न धुतलेल्या जारात ते पुन्हा दूषित झाले, तर त्याला वाचविणारे काही उरत नाही. शिवाय लहान यंत्रे जेवढे पाणी शुद्ध करतात, बहुधा तेवढेच किंवा त्याहून अधिक खारे पाणी गटारात सोडतात. टँकरच्या मुलखात हा अपव्यय कोणाच्या हिशेबी धरावयाचा?

प्लांट चालविणारा बहुधा गावातलाच, कर्ज काढून धंद्यात पडलेला तरुण असतो. त्याला शत्रू ठरवून कुलूप ठोकण्याने लोकांची तहान भागणार नाही. खरा धोका निराळाच आहे. महात्मा फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, 1927 मध्ये महाडचा सत्याग्रह झाला, डॉ. बाबा आढावांनी सत्तरच्या दशकात 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम चालविली. त्या साऱ्या लढ्यांनी जे एक केले, ते जार पुन्हा दोन करीत आहे. या वेळी विटाळाची भाषा नाही, ऐपतीची आहे. सरपंच, शिक्षक, दुकानदार जारचे पाणी पिऊ लागले की टाकीतल्या गाळाविषयी ग्रामसभेत ओरडणारा आवाजच नाहीसा होतो, आणि शेतमजुराच्या वस्तीला तोच नळ मुकाट्याने सोसावा लागतो.

म्हणून खाजगी प्लांटचे नियमन हे सार्वजनिक नळाच्या रक्षणाचेच काम आहे. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी हा पंचायतीचा विषय आहे. सार्वजनिक पेयजल स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर घेण्यास 1993 च्या राज्य कायद्याने मनाई केली होती; 2009 च्या भूजल कायद्यानेही या स्रोतांना संरक्षण दिले आहे. ना हरकत दाखला देतानाच बोअरचे हे अंतर मोजता येईल, तपासणीचा अहवाल शेडच्या दारावर लावण्याची अट घालता येईल, वाया जाणाऱ्या पाण्याची वाट विचारता येईल. दंडाचा व परवाना रद्द करण्याचा स्पष्ट अधिकार पंचायतीला देणे मात्र राज्य शासनाचे काम आहे. ती मागणी पक्षाने तालुक्यापासून विधानसभेपर्यंत लावून धरली पाहिजे. केवळ जबाबदारी खाली ढकलायची आणि प्रयोगशाळा, माणूस, पैसा वर ठेवायचा, हा जुना खेळ येथेही होऊ शकतो.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला ग्रामसभा भरतात. यांपैकी पुढच्या सभेत कार्यकर्त्यांनी गावच्या विहिरीचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे हे आधी विचारावे, आणि लगेच, त्याच इतिवृत्तात, प्रत्येक खाजगी प्लांटचा तपासणी अहवाल मागावा.