कर्ज फेडणारे हात



अर्थशास्त्र मी शाळेत शिकलो नाही. सातवीनंतर पाटी सुटली. पुढे जे वाचले ते दुसऱ्या पाळीवरून घरी आल्यावर. तेव्हा ग्रीस देशाच्या कर्जाविषयी बोलताना मी पंडिताचा आव आणणार नाही. मालकाचा ताळेबंद वाचण्याची सवय लागलेल्या माणसाने एका देशाचा ताळेबंद वाचला, इतकेच समजा.

ग्रीस निर्दोष होता, असे मी म्हणत नाही. २००९ च्या ऑक्टोबरात नवे सरकार आले आणि आधी सांगितलेले तुटीचे आकडे खोटे ठरले. खरी तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या पंधरा टक्क्यांच्या घरात निघाली. धनिक कर चुकवीत होते आणि सरकार उसनवारीवर चालले होते. त्यात २००१ पासून देशाचे स्वतःचे चलन उरले नव्हते, युरो होता. चलनाचा भाव उतरवून निर्यात वाढविण्याचा मार्ग बंद. उरला तो मजुरीचा भाव उतरविण्याचा.

मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचे कर्ज मंजूर झाले. त्यातला मोठा भाग जुनी देणी भागविण्यात गेला, आणि त्या घेणेकऱ्यांत फ्रान्स-जर्मनीच्या बँका ठळक होत्या. मार्च २०१२ मध्ये खाजगी घेणेकऱ्यांच्या रोख्यांची दर्शनी किंमत ५३.५ टक्क्यांनी कापली गेली. पण ते रोखे ग्रीक कामगारांच्या पेन्शन फंडांकडेही होते. कात्री त्यांच्यावरही चालली. त्याच वर्षी किमान मासिक वेतन ७५१ युरोंवरून ५८६ वर आले. २०१३ मध्ये शंभरांतले सत्तावीस कामकरी बेकार होते. तरुणांत निम्म्याहून अधिक.

आपण म्हणाल, औषध कडूच असायचे. असू द्या, पण रोग हटला का? २००९ अखेर कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सव्वाशे टक्क्यांच्या आसपास होते. २०१४ अखेर, एवढी कापाकापी होऊनही, ते पावणेदोनशेच्या वर गेले. गणित साधे आहे. कर्ज हा अंश, उत्पन्न हा छेद. मजुरी कापली, दुकाने ओस पडली, कर आटला आणि उत्पन्न चौथाईने घटले. छेद लहान झाला की अपूर्णांक मोठा होतो. काटकसरीचा हा फटका आपण कमी धरला होता, हे खुद्द आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०१३ मध्ये कबूल केले.

दुसरी रीत होती का? होती. २७ फेब्रुवारी १९५३ रोजी लंडनमध्ये पश्चिम जर्मनीच्या कर्जाचा करार झाला. सुमारे निम्मे कर्ज सोडून दिले गेले, उरलेल्याची मुदत लांबविली, आणि फेड जर्मनीच्या व्यापारातील शिलकीतून व्हावी असे ठरले. म्हणजे वसुली हवी असेल, तर ऋणकोचा माल विकत घेणे धनकोला भाग होते. त्या करारावर सही करणाऱ्या घेणेकऱ्यांत ग्रीसही होता!

ग्रीस सावरला, हे मान्य केले पाहिजे. ऑगस्ट २०१८ मध्ये कर्जाचा तिसरा कार्यक्रम संपला. त्याआधी परतफेडीची मुदत वाढवून मिळाली होती. करवसुली सुधारली. २०२४ अखेर कर्ज उत्पन्नाच्या दीडशे टक्क्यांच्या थोडे वर इतके उतरले. एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतन ८८० युरो झाले. पण तोवर काही लाख माणसे, बहुतेक तरुण, देश सोडून गेली होती. आणि महागाई वजा जाता २०२४ चे राष्ट्रीय उत्पन्नही २००८ च्या पातळीला पोहोचले नव्हते.

हे सारे मी का वाचले, ते सांगून थांबतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका लहान कारखान्यावर बँकेचे कर्ज थकले. मालक म्हणाले, दोन वर्षे पगारकपात सोसा, कारखाना वाचेल. मी गेटसभेत तसे सांगितले. एका बाईने विचारले, "अण्णा, कपात आमची, पण कर्ज कशाचं, हे वही उघडून पाहिलंत का?" मी पाहिले नव्हते. कापलेला पैसा व्याजात गेला, नवे यंत्र आले नाही, आणि तिसऱ्या वर्षी टाळे लागले. त्या करारावर माझी सही आहे.

म्हणून कोणी सुधारणेच्या नावाने त्याग मागितला, तर ताबडतोब नाही म्हणू नका. पण आधी वही मागा. कर्ज कोणी काढले, वाचलेला पैसा कोठे जाणार, आणि घेणेकरी स्वतः काय सोडणार, हे विचारा. कर्ज शेवटी काम करणारे हातच फेडतात. ते हात रिकामे ठेवून वसुली होत नाही.