दुकान वारशाने मिळतं, गिऱ्हाईक नाही

(तरुण उद्योजकांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



एकदा नवी कल्पना सुचली, धंदा जमला की आयुष्यभराची सोय झाली, असा आपल्याकडे एक समज आहे. तो किती कच्चा आहे हे सांगायला मी एका गोळीची गोष्ट निवडली आहे.

सिप्ला ही औषध कंपनी ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत काढली. २००० च्या सुमारास तिची सूत्रं त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांच्याकडे होती. एड्सवर तीन औषधं एकत्र घेतली तर रुग्ण जगतो, हे तोवर सिद्ध झालं होतं. पण वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर! शिवाय औषधं वेगवेगळ्या कंपन्यांची, गोळ्या अनेक, वेळा वेगवेगळ्या. आफ्रिकेत दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईने हे सांभाळायचं कसं आणि पैसे आणायचे कुठून?

२००१ मध्ये सिप्लाने ही तीन औषधं एका सेवाभावी डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी. आणि तिन्ही औषधं एकाच गोळीत घातली. सकाळी एक, रात्री एक. गोळीचं नाव ट्रायोम्यून. यात नवं रसायन काहीच नव्हतं. नवी होती ती रुग्णाच्या अडचणीकडे पाहण्याची रीत. परदेशात हे अवघड होतं, कारण तीन औषधांची पेटंटं तीन कंपन्यांकडे. आपल्याकडे १९७० च्या कायद्यानुसार पेटंट मिळायचं ते औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीला. कायद्याने दार उघडं ठेवलं होतं, हे विसरून नुसत्या हुशारीचे गोडवे गाऊ नयेत.

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं. गोळीमुळे माणसं जगू लागली. आणि जगणाऱ्याची गरज मरणाच्या दारातल्या माणसापेक्षा वेगळी असते. त्या गोळीतल्या स्टॅव्हुडिन या औषधाने काही वर्षांनी हातापायांना मुंग्या यायच्या, गालांवरची चरबी झडायची. चेहरा बघून लोक आजार ओळखायचे. आता जगायचं तर होतंच, पण चारचौघांत वावरायचंही होतं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्हुडिन हळूहळू बंद करा, असं सांगितलं. टेनोफोविरसारखी औषधं असलेल्या, दिवसातून एकदाच घ्यायच्या गोळ्या पुढे आल्या. ज्या गोळीने जग हलवलं, ती दहा वर्षांत जुनी झाली. तिची काही चूक नव्हती. रुग्ण पुढे गेला होता.

आता आपल्या घराकडे येऊ. मालेगावात एकेकाळी रंगीत सुती लुगडी विणली जायची. बायका पाचवारीकडे, मग सिंथेटिक साडीकडे वळल्या आणि बरेचसे माग ग्रे कापडावर, म्हणजे न रंगवलेल्या कापडावर गेले. बदल झाला, पण कोणाच्या हुकमाने? मालेगाव काय, भिवंडी काय, असंख्य यंत्रमागवाले व्यापाऱ्याचं सूत घेतात आणि मजुरीवर विणून देतात. ते कापड कोण नेसतं, कोण परत करतं, हे त्यांच्या कानावर येतच नाही. म्हणून ‘हे लोक बदलत नाहीत’ असं कोणी म्हटलं की मला राग येतो. ज्याची गिऱ्हाइकाशी कधी गाठच पडत नाही, त्याने कशाच्या आधारावर बदलायचं?

गॅरेजवाल्यांचं तसं नाही. गिऱ्हाईक रोज दारात उभं असतं. कार्बोरेटर कानाने ट्यून करणारे उस्ताद आपल्या मोहल्ल्यात कमी नाहीत. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या मोटारसायकलींत फ्युएल इंजेक्शन आलं. तिथे कानाबरोबर स्कॅनरही लागतो. इलेक्ट्रिक स्कूटरला तर इंजिन ऑइलच नाही! उस्तादांचा हात आजही मोलाचा आहे, पण त्यांच्या हाताखालच्या पोराने बॅटरी आणि वायरिंग आत्ताच शिकायला घ्यावं. गाड्या यायला लागल्यावर शिकू म्हणाल, तर तोवर त्या दुसऱ्याच्या दारात लागलेल्या असतील.

घरातून व्हॉट्सअ‍ॅपवर कपडे विकणाऱ्या मुली इथे बसल्या आहेत. त्यांना एकच काम सांगतो. काय विकलं याचा हिशेब तुम्ही ठेवताच. त्याच वहीत मागच्या बाजूने लिहायला लागा: कोणी काय मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं. कोणता माप, कोणतं कापड, कोणत्या दिवसापर्यंत हवं होतं. महिन्याने ती मागची पानं काढा आणि जे तीनदा-चारदा आलंय, ते थोडंसंच मागवून बघा. कर्ज काढून गठ्ठा भरू नका.

माझं बोलणं इथे थांबवतो. मागे मालेगावहून आलेले दोघे बसलेत, दोघेही मागावर काम करतात. व्यापाऱ्याला वगळून थेट विकायचा प्रयत्न केला तर सूत उधारीवर कोण देणार, हा त्यांचा प्रश्न आहे. त्यांनी पुढे यावं, आधी त्यांचं ऐकू.